पांढरा गोरिला आणि तुमचा भाचा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि डोक्यातून गेलाच नाही. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. प्रश्न विचारणाऱ्यांच्या बहिणीला दोन महिन्यांपूर्वी मुलगा झाला. केस पांढरे, पापण्याही पांढऱ्या, अंग गुलाबी. सासरी कोणी म्हणतं ग्रहण पाळलं नाही, कोणी म्हणतं केशराचं दूध जास्त झालं. त्यात एका नातेवाइकाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पांढऱ्या गोरिलाचा व्हिडिओ टाकला, 'हे माकडांनाही होतं' म्हणून. तेव्हापासून बहीण रडतेय. यांना विचारायचंय की हे खरंच तेच आहे का, कशामुळे होतं, पुढे काय होईल आणि दुसरं मूलही असंच होईल का.

मी डॉक्टर नाही. माझी मुलगी २२ वर्षांची आहे, ती अशीच जन्मली, इथेच नाशिकला. तेवढ्या अनुभवावर आणि त्यापायी केलेल्या वाचनावर लिहिते.

हो, तुम्ही लिहिलंय त्यावरून तेच वाटतं. अल्बिनिझम. मराठीत वर्णहीनता, काही जण सूर्यमुखी म्हणतात. आणि ते गोरिलाला होतं यात तुमच्या बहिणीला लाज वाटावी असं काहीच नाही. रंग तयार करायची पद्धत माणसात, गोरिलात, वाघात, उंदरात एकच आहे, त्यामुळे ती बिघडतेही सगळ्यांत सारखीच. टायरोसिन नावाच्या साध्या अमिनो आम्लापासून शरीर मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतं. त्यासाठी विशिष्ट पेशी लागतात, त्या या बाळातही आहेत, पुरेशा आहेत. पण रंग बनवणारं किंवा त्या कामाला मदत करणारं एखादं प्रथिन नीट बनत नाही, म्हणून रंग तयार होत नाही किंवा फार थोडा होतो. कोड वेगळं. कोडात त्या पेशीच नष्ट होतात आणि चट्टे नंतर कधीतरी उमटतात. हे नीट समजून घ्या, कारण माझ्या मुलीला एका डॉक्टरांनी कोड समजून वर्षभर मलम लावायला लावलं होतं. ते वर्ष आम्ही तिच्या डोळ्यांकडे बघायला हवं होतं.

आता त्या गोरिलाबद्दल. त्याचं नाव स्नोफ्लेक, स्पॅनिशमध्ये कोपितो दे नीएवे. १९६६ साली आफ्रिकेतल्या स्पॅनिश गिनीमध्ये, म्हणजे आजच्या इक्वेटोरियल गिनीत, त्याच्या आईला मारल्यावर हे पिल्लू तिला बिलगलेलं सापडलं. पुढे सगळं आयुष्य त्याने बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयात काढलं. आजवर माहीत असलेला अल्बिनो गोरिला तो एकटाच. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला. एसएलसी४५ए२ नावाच्या एका जनुकात एका अक्षराचा बदल सापडला, आणि तो बदल आईकडूनही आला होता आणि वडिलांकडूनही. हेही दिसलं की त्याचे आईवडील एकमेकांचे जवळचे नातलग असावेत, बहुधा काका-पुतणी किंवा मामा-भाची इतके जवळचे.

हे मुद्दाम सांगतेय, कारण तुम्ही लिहिलंय की बहिणीचं लग्न सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालंय. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत जुनीच आहे. बिघडलेला जनुक एकाच बाजूने आला तर काही होत नाही, तो माणूस चारचौघांसारखा दिसतो आणि त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दोन्हीकडून आला तरच बाळ असं होतं. तुमचे वडील आणि बहिणीच्या सासूबाई सख्खे भाऊ-बहीण. तुमच्या आजोबांकडे किंवा आजीकडे तो जनुक असेल, तर तो एकीकडे तुमच्या वडिलांतून बहिणीकडे आला आणि दुसरीकडे सासूबाईंमधून बहिणीच्या नवऱ्याकडे. म्हणजे सुनेला बोल लावला जातोय, आणि तोच जनुक सासूबाईंच्या रक्तातही असण्याची शक्यता मोठी आहे. हे त्यांना टोचेल असं सांगू नका, पण सांगा. ग्रहण, केशर यांचा संबंध नाही. जे ठरायचं ते गर्भ राहतानाच ठरतं. तिने नऊ महिने नुसतं ताक प्यायलं असतं तरी बाळ असंच झालं असतं.

नात्यात लग्न केल्यानेच होतं असंही नाही. मी निफाडची, माझे यजमान जळगावकडचे, सात पिढ्यांत संबंध नाही. तरी झालं.

दुसऱ्या बाळाचं गणित: आईवडील दोघंही वाहक, म्हणजे एकेक बिघडलेला जनुक बाळगणारे, असतील तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता. 'एक झालं, आता पुढची तीन सुटली' असं नसतं, दर वेळी पाट्या नव्याने पुसल्या जातात. रक्ताच्या तपासणीत कोणता जनुक ते बऱ्याचदा कळतं. पुढचा विचार करायच्या आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. आणि हे बाळ मोठं होऊन लग्न करेल तेव्हा जोडीदार त्याच जनुकाचा वाहक नसला तर मुलं रंगानेच जन्मतील. स्नोफ्लेकला तीन माद्यांपासून वीसहून अधिक पिल्लं झाली, एकही पांढरं नव्हतं.

आता डोळे. सगळे जण रंगाकडे बघतात, पण बाळाचं खरं दुखणं डोळ्यांत असतं. पोटात डोळा घडत असतानाच मेलॅनिन लागतं. ते नसलं तर दृष्टिपटलावरची सगळ्यात तीक्ष्ण जागा, पीतबिंदूचा मधला खळगा, पूर्ण घडत नाही. शिवाय डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांतले जवळजवळ निम्मे धागे एरवी त्याच बाजूला राहतात आणि बाकीचे ओलांडून पलीकडे जातात. या मुलांत नेहमीपेक्षा बरेच जास्त धागे पलीकडे जातात. त्यामुळे दोन डोळ्यांची चित्रं जुळवून खोली मापायची ताकद कमी पडते. चष्म्याने फरक पडतो, तो लावायचाच, पण नजर पूर्ण होत नाही, कारण कमतरता काचेची नसून आतल्या घडणीची आहे. हे मला कळायला फार वेळ लागला. नंबर वाढवून द्या, अजून वाढवून द्या, असं मी डॉक्टरांच्या मागे लागायचे.

एक प्रसंग सांगते. मुलगी चार वर्षांची असताना रामकुंडावर गेलो होतो. काळ्या दगडाच्या पायऱ्या, दुपारचं ऊन, ओला दगड चकाकतोय. ती प्रत्येक पायरीवर थांबायची, एक पाय पुढे करून अंगठ्याने कड चाचपायची, मगच उतरायची. मागे लोक खोळंबले. मी तिला रागावले, हात धरून ओढलं. तिला पायरी कुठे संपते तेच दिसत नव्हतं, सगळा उतार तिला एकच काळा पट्टा दिसत होता. आज आमच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीला पिवळी पट्टी चिकटवलेली आहे, आणि ती ताट घेऊन धावत उतरते.

दुसरी गोष्ट तुम्हाला लवकरच दिसेल, बहुधा दिसायला लागलीही असेल. बाळाचे डोळे डावी-उजवीकडे झोके घेतल्यासारखे हलतात. याला निस्टॅग्मस म्हणतात. घाबरू नका, बाळाला जग हलताना दिसत नाही. मोठेपणी ही मुलं मान एका विशिष्ट बाजूला कलती करून बघतात, कारण त्या कोनात डोळ्यांची हालचाल मंदावते आणि चित्र स्थिर होतं. शाळेत माझ्या मुलीला 'सरळ बस' म्हणून सारखं टोकायचे. ती सरळ बसली की फळा पुसट व्हायचा. बाळ मान वाकडी करून बघू लागलं तर करू द्या.

डोळे लाल असतात हा गैरसमज आहे. बहुतेकांचे निळे, करडे किंवा फिकट तपकिरी असतात. बुबुळात रंग कमी म्हणून प्रकाश आरपार जातो आणि कधी आतली लाली दिसते. त्यामुळेच उजेड सहन होत नाही.

कातडीचं सोपं आहे, पण हयगय चालत नाही. माझ्या सासूबाईंनी तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात ठेवलं, जसं सगळीकडे ठेवतात. अर्ध्या तासात पाठ लालबुंद. तुमच्याकडे ती प्रथा आजच थांबवा. डी जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर देतातच. सहा महिन्यांपर्यंत सनस्क्रीन नको, सावली आणि अंगभर सुती कपडे. नंतर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, उन्हात असेल तर दर दोन तासांनी, आणि रुंद कडेची टोपी. स्नोफ्लेक २००३ साली त्वचेच्या कर्करोगानेच गेला. आपल्या मुलांचं ते टाळता येतं.

एक गोष्ट डॉक्टरांना आठवणीने विचारा. अंगावर सहज काळेनिळे डाग पडतात का, नाकातून रक्त येतं का, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो का. अल्बिनिझमचे एक-दोन दुर्मीळ प्रकार रक्त गोठण्याशी किंवा प्रतिकारशक्तीशी जोडलेले आहेत. बाकी मुलांची बुद्धी, वाढ, आयुष्य इतरांसारखंच.

पुढचा परिच्छेद बहिणीला दाखवू नका. २०१८ साली युगांडातल्या बुडोंगोच्या जंगलात अभ्यासकांना चिंपांझीचं अल्बिनो पिल्लू दिसलं. कळपातले इतर चिंपांझी त्याला बघून धोका दिसल्यासारखे ओरडले आणि काही दिवसांत त्यांनी ते मारलं. माणसांतही टांझानियासारख्या देशांत अंधश्रद्धेपायी अशा लोकांवर हल्ले झाले आहेत. वेगळं दिसणाऱ्याची भीती फार जुनी आहे. तुमच्या घरातलं कुजबुजणं तिथूनच येतं, म्हणून ते लवकर थांबवायला हवं.

हे मात्र तिला जरूर दाखवा. २०१७ साली बोर्निओत गावकऱ्यांच्या पिंजऱ्यातून एका अल्बिनो ओरांगउटान मादीला सोडवलं. तिचं नाव आल्बा ठेवलं. आधी विचार होता की नजर आणि कातडी अशी, तर हिला वेगळ्या बेटावर जपून ठेवावं. मग लक्षात आलं की ती झाडावर उत्तम चढते, स्वतःचं खाणं शोधते. २०१८ च्या डिसेंबरात तिला जंगलात सोडलं, राष्ट्रीय उद्यानात.

शाळेचं आत्तापासून टेन्शन घेऊ नका. पहिला बाक, खिडकीकडे पाठ, मोठा ठसा, फळ्याचा मोबाइलने फोटो. चष्म्यानंतरही नजर कमी राहिली तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात 'अल्पदृष्टी' आहे. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळतात. आम्ही आठवीपर्यंत 'लोक काय म्हणतील' म्हणून काढलंच नाही. मुलगी पेपर अर्धवट सोडून यायची आणि मी अभ्यास कमी पडला म्हणायचे.

सध्या एवढंच करा. या आठवड्यात लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञाकडे न्या. घरात बाळाशी एक फुटाच्या आत चेहरा आणून बोला, आणि काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्यांचं खेळणं द्या. बहिणीला कोणाशी बोलावंसं वाटलं तर मला इथेच व्यक्तिगत निरोप पाठवा, आम्ही पंचवटीत राहतो. बाळाला घेऊन सहानंतर या. मुलगी कामावरून आलेली असते, ऊन उतरलेलं असतं, आणि तेव्हा आमच्या घराचे सगळे पडदे उघडलेले असतात.