‘सुपीरियर ट्रेन’ : श्रेष्ठ गाडी की वरिष्ठ गाडी?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेत मॉडेल रेल्वेचे काही हौशी लोक जुन्या ‘टाइमटेबल आणि ट्रेन ऑर्डर’ पद्धतीने, म्हणजे छापील वेळापत्रक आणि वेळोवेळी दिलेले लेखी हुकूम यांवर, गाड्या चालवतात. त्या नियमांतल्या ‘सुपीरियर ट्रेन’ला, म्हणजे जिच्यासाठी दुसऱ्या गाडीने बाजूला थांबायचं त्या गाडीला, मराठीत ‘श्रेष्ठ गाडी’ म्हणावं की ‘प्राधान्याची गाडी’?

मला दोन्ही पटत नाहीत. ‘वरिष्ठ गाडी’ म्हणावं.

‘श्रेष्ठ’ हा गुणांचा शब्द झाला. ‘वरिष्ठ’ म्हटलं की कोणाहून, हे लगेच विचारावं लागतं, आणि इथे नेमकं तेच हवं आहे. टाइमटेबल गाड्यांना वर्ग नेमून देतं: दुसऱ्या वर्गाची मालगाडी तिसऱ्या वर्गाच्या गाडीहून वरिष्ठ, पण पहिल्या वर्गाच्या पॅसेंजरहून कनिष्ठ. वर्ग एकच असेल तर एकेरी मार्गावर दिशा बघतात. कोणती दिशा वरिष्ठ, हे टाइमटेबलमध्ये छापलेलं असतं. टाइमटेबलमध्ये नसलेली ‘एक्स्ट्रा’ सगळ्या नियमित गाड्यांहून कनिष्ठ.

‘प्राधान्य’ जास्त फसवं आहे. फळांची मालगाडी आधी काढावी असं डिस्पॅचरला, म्हणजे गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्याला, वाटतं, ते प्राधान्य. पण ती कनिष्ठ असेल तर साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभीच राहणार. समोरची वरिष्ठ गाडी उशिरा येणार असली, तरी कंडक्टर (तिकडे गाडीचा प्रमुख) नुसत्या अंदाजाने गाडी हलवू शकत नाही. १८५१ साली ईरी रेल्वेच्या चार्ल्स मायनॉटने अशाच खोळंब्यावर तोडगा काढला: पुढच्या एका स्टेशनला तार करून समोरची गाडी तिथेच थांबवायला सांगितली आणि आपली गाडी पुढे काढली. ट्रेन ऑर्डरची सुरुवात तिथली.

मॉडेलवरही हेच चालतं. डिस्पॅचर बहुधा वेगळ्या खोलीत बसतो, त्याला गाड्या दिसत नाहीत. समोर फक्त ट्रेन शीट, म्हणजे गाड्यांच्या नोंदींचा तक्ता. तो फोनवर ऑर्डर सांगतो, स्टेशनचा ऑपरेटर ती लिहून घेतो आणि शब्दन् शब्द परत वाचून दाखवतो. मग डिस्पॅचर ‘कम्प्लीट’ म्हणून वेळ देतो. त्याशिवाय ती ऑर्डर लागू होत नाही. कागदही दोन तऱ्हेचे: ‘फॉर्म ३१’वर सही लागते, म्हणून गाडी थांबवावी लागते, ‘फॉर्म १९’ चालत्या गाडीतही देता येतो. मला या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, की डब्यांइतकंच लक्ष कागदावरच्या शब्दांकडे द्यावं लागतं.

अशा ऑर्डरने ८१ नंबरच्या गाडीला ७२ नंबरच्या गाडीवर ‘राइट’ मिळाला की वर्ग आणि दिशा दोन्ही बाजूला पडतात. या ‘राइट’ला सरळ ‘हक्क’ म्हणावं. ‘अधिकार’ म्हटलं तर तो डिस्पॅचरचा वाटतो. हा गाडीचा असतो, आणि तोही ऑर्डरमध्ये लिहिलेल्या दोन स्टेशनांच्या दरम्यानच.

‘इन्फीरियर’ला अर्थात ‘कनिष्ठ’, ‘दुय्यम’ नको. डिस्पॅचर, ऑपरेटर, ऑर्डर हे शब्द तसेच राहू द्यावेत. आणि वाक्यात ‘८१ वरिष्ठ आहे’ एवढ्यावर न थांबता ‘८१ ही ७२ हून वरिष्ठ आहे’ असं पूर्ण लिहावं.