गोव्याच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याचं शिल्प टिकेल का?

टाकाऊ खोक्यांपासून मोठं शिल्प करायचंय, पण आपल्या पावसात ते टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. टिकतं. पिकासोनं १९१२ साली पुठ्ठ्याची गिटार केली होती, ती न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आजही आहे. मात्र संग्रहालयात हवा कोरडी राखतात, आपल्या घरात ती सोय नाही.

मी फोंड्याजवळ राहतो. माझा हात बसला तो वाड्यावरच्या नरकासुरांच्या पुतळ्यांवर: बांबू, गवत, कागद, खळ. पण नरकासुर दिवाळीच्या पहाटे जाळायचा असतो, ओल धरायला त्याला वेळच मिळत नाही. त्याच सवयीनं मी पुठ्ठ्याचा गवा केला, छातीएवढा उंच. जुलैत एका रात्रीत त्याचे पुढचे पाय दुमडले आणि तो तोंडावर आला. तीन महिन्यांचं काम होतं, फार लागलं मनाला.

उघडून पाहिल्यावर चूक सापडली. खोक्याचा पुठ्ठा कापून कडेनं बघा. दोन कागदांमध्ये नागमोडी कागद असतो, त्याच्या बारीक नळ्या दिसतील. नळ्या उभ्या असल्या की पुठ्ठा भार पेलतो, आडव्या असल्या की चेपतो. मी पुठ्ठा वाया जाऊ नये म्हणून पायांना मिळेल तसे तुकडे लावले होते. आता पाय आणि कणा कापताना आधी नळ्यांची दिशा बघतो. पोटाची, मानेची गोलाईसुद्धा त्यांच्यावरच ठरते: नळ्यांच्या रेषेत पुठ्ठा सहज गुंडाळतो, त्यांना छेदून वाकवला की मोडतो. सांगाड्याला फ्रिजच्या खोक्यांचा जाड पुठ्ठा घ्या. चकचकीत छपाईचा नको, त्यावर गोंद नीट धरत नाही.

दुसरी गोष्ट, या नळ्या कारखान्यात बहुधा स्टार्चच्या खळीनंच चिकटवलेल्या असतात. ओल लागली की थर सुटतात, आणि कसर, झुरळं त्या खळीसाठीच येतात. घरी मैद्याची खळ करणार असाल तर तिच्यात थोडा मोरचूद घालतात, पण तो विषारी. भांडं वेगळं ठेवा, मुलं सोबत असतील तर टाळाच. मी फेविकॉल वापरतो, तोही हात राखून. ओला गोंद जास्त झाला की पुठ्ठा पीळ धरतो.

आणि वॉर्निश मे महिन्यातच उरका. चार दिवस कडक ऊन दाखवून, मग सगळ्या बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडांना, कारण पाणी त्या उघड्या नळ्यांतूनच आत शिरतं. जूनमध्ये वॉर्निश दिलंत तर आतली ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. हे मी दुसऱ्या गव्यावर शिकलो.

तिसरा गवा चार पावसाळे उभा आहे. तो लाकडी ठोकळ्यांवर ठेवलाय, भिंतीपासून हातभर लांब. आमची भिंत चिऱ्याची आहे, पावसाळाभर ओल सोडते.