टीमसमोर चूक कबूल केली तर मॅनेजरचा धाक जातो का?

नाही जात. लपवली की मात्र जातो, आणि परत येत नाही.

मी भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये सेटर होतो, म्हणजे मशीन लावून देणारा. एका पार्टला २५ मिमीचं बोअर, म्हणजे गोल भोक होतं. आधी टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एच८ होता: २५ च्या वर ३३ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालायचं. कस्टमरने ते एच७ केलं, म्हणजे २१. नव्या ड्रॉइंगची मेल आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरकडे आली आणि तिथेच राहिली. फ्लोअरवर जुनंच ड्रॉइंग, भोक तपासायचा जुनाच प्लग गेज. दोन शिफ्ट माल निघाला. कस्टमरकडे गेजची नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती सरळ आत जायला लागली. बोअर लहान राहिलं तर परत मशीनवर घेता येतं, मोठं झालं की संपलं. लॉट भंगारात.

सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ऑपरेटरने ड्रॉइंग बघायला नको?" ऑपरेटर कामाला लागून जेमतेम सहा महिने झालेला पोरगा. हातातलं कॉटन वेस्ट पिळत, मान खाली घालून उभा. त्याला मेमो मिळाला. संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मेल माझ्याकडूनच राहिली रे. पण खालच्यांसमोर असं बोललं की डोक्यावर बसतात."

मी गप्प बसलो, ते आजही टोचतं. डोक्यावर कुणी बसलं नाही. पण त्यानंतर शंकेचा पीस कुणी दाखवेना, ट्रेमध्ये खाली सरकवून द्यायचे.

इस्रोच्या एसएलव्ही-३ रॉकेटचं १९७९ चं पहिलं उड्डाण फसलं, तेव्हा इस्रोचे प्रमुख सतीश धवन पत्रकारांना सामोरे गेले, हे सगळेच सांगतात. कॉम्प्युटरने उड्डाण थांबवलेलं असताना पुढे जायचा निर्णय आपला होता, हे प्रोजेक्टचे प्रमुख अब्दुल कलाम स्वतः जाहीर भाषणांतून सांगत राहिले. त्यांचा मान कुठे कमी झाला?

तुमचं एस्टिमेट चुकलं, बोलणी टीमने खाल्ली, आता मेल करू की तोंडी सांगू, असं विचारलंय. ज्या मीटिंगमध्ये त्यांनी ऐकून घेतलं, त्याच मीटिंगमध्ये सांगा. केबिनमधली कबुली मी मोजत नाही. आता मी स्वतः शॉप बघतो आणि असंच करतो. हां, रोज उठून सॉरी म्हणायची गरज नाही, आणि क्लायंटपुढे काय बोलायचं ते आधी वरच्यांशी ठरवून घ्या.

त्या पोराचा मेमो शेवटपर्यंत फाइलला राहिला. तुमच्या टीममधल्या कुणाच्या अप्रेझलला हे लागलं असेल तर आधी ते काढायला लावा, सॉरी त्यानंतर.