आजोबांचे अडकित्ते आणि वाड्याची खिडकी

तुमचा प्रश्न वाचला आणि खरं सांगतो, फार आनंद झाला. आजोबांच्या ट्रंकेत 40 अडकित्ते निघाले, सदाशिव पेठेतला वाडा उतरवताना कडीपाटाच्या (जुन्या लाकडी छताच्या) 6 फळ्या आणि एक खिडकी तुम्ही हट्टाने मागून घेतलीत. आता त्या लाकडात अडकित्ते कसे मांडायचे, नव्या फ्लॅटची भिंत वजन पेलेल का आणि पितळ चकचकीत करून वर लॅकर (पारदर्शक चकाकीचा थर) मारावं का, हे तुम्हाला हवंय. मी गेली अनेक वर्षं जुन्या लाकडातच शेल्फं आणि कपाटं करतोय. त्यातली बरीचशी अडकित्ते, कुलुपं आणि दिवे ठेवण्यासाठीच केली.

लॅकरचं आधी सांगतो, कारण तिथे घाई झाली तर मागे फिरता येत नाही. मारू नका. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही अडकित्त्यांना लावू नका. आंबटाने पितळातलं जस्त निघून जातं, तांब्याचा गुलाबीपणा वर येतो, आणि पावडरीने मुठीवरचं कोरीवकाम दरवेळी थोडं थोडं झिजतं. मोर किंवा घोडा घडवलेला असेल तर त्याचे डोळे सगळ्यात आधी जातात. मऊ सुती फडक्याने पुसा, पोलादी पात्याला आणि मधल्या खिळ्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या, बस्स. माझा नियम एवढाच आहे: जे काही करायचं ते लाकडाला करायचं, अडकित्त्याला नाही. भोक पाडायचं नाही, चिकटवायचं नाही, तारेने आवळायचं नाही. कुणी बघायला आलं तर तो सहज उचलून त्यांच्या हातात देता आला पाहिजे.

आता वजन. 4 फूट लांब, 9 इंच रुंद, इंचभर जाडीची सागवानी फळी साधारण साडेचार किलो भरते. अशा 6 म्हणजे 27 किलो. काचेसकट खिडकी 15 किलो धरा, 40 अडकित्ते सरासरी पाव किलोने 10 किलो. एकूण 52 किलो. नव्या इमारतींत भिंती बहुधा राखाडी, हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यात साधी गिट्टी ठोकून स्क्रू पिळला तर तो काही महिन्यांत ढिला पडतो. म्हणून हे कपाट टांगूच नका. दीड-दोन फुटी मजबूत बैठकीवर उभं करा आणि पुढे कलंडू नये म्हणून वरून दोन लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला नुसतं बांधून ठेवा. पट्ट्यांना वजन पेलायचं नसतं, त्यामुळे त्या टिकतात. पाऊस झोडपतो त्या बाहेरच्या भिंतीला मात्र लावू नका, आणि कुठेही ठेवलंत तरी मागे 2 इंच हवा खेळू द्या.

लाकूड कापण्यापूर्वी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा, दोन्ही अंगांनी. जुन्या स्पीकरमधला चालतो. कडीपाटाच्या फळ्यांत हाती घडवलेले चौकोनी खिळे मोडून आत राहिलेले असतात, वर लाकूड मिटलेलं असतं आणि डोळ्यांना काही दिसत नाही. करवतीखाली असा खिळा आला तर दात जातात. मशीनची करवत असेल तर तो उडून तुम्हाला लागू शकतो. खिडकीवर हिरव्या-निळ्या ऑइल पेंटचे थर असतील तर ते कोरडे घासू नका. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचं बंधन आपल्याकडे 2017 पासून आलं, वाड्यावरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा, म्हणजे त्यात शिसं असू शकतं. ओला करून खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा, कचरा पिशवीत बांधून टाका आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

खिडकी 4 बाय 3 फुटांची आहे असं तुम्ही लिहिलंय. मग तिलाच कपाटाचा दर्शनी भाग करा. चौकट पुढे, तावदानांची झडप हाच दरवाजा. मधले गज लोखंडी करवतीने मध्यावर कापले की दोन्ही तुकडे भोकांतून निघतात. भोकं सागाच्या गुल्ल्यांनी बुजवा. तुमच्या फळ्या नेमक्या पुरतात: दोन बाजूंना, एक वर, एक तळाला, आणि उरलेल्या दोन आत. म्हणजे तळ धरून तीन पायऱ्या झाल्या. पाठीला प्लायवूड किंवा एमडीएफ नको, बंद कपाटात त्यांच्या गोंदातून निघणारी वाफ धातूला खाते. भंगारवाल्याकडे दुकानाच्या जुन्या पाटीचा ॲल्युमिनियमचा पत्रा मिळतो, तो लावा.

आतल्या दोन फळ्या सपाट बसवू नका. सपाट फळीवर ठेवलेल्या अडकित्त्याची फक्त कड दिसते. मागची कड पुढच्या कडेपेक्षा 4 इंच वर घ्या आणि पुढे बोटभर उंचीची काठपट्टी ठोका. त्या उतारावर अडकित्ता किंचित उघडून निजवला की पातं, खिळा, मुठीची नक्षी असं सगळं एका नजरेत येतं. काठपट्टीला तो टेकतो, घसरत नाही. तळाच्या फळीवर असाच उतार देणारं पाचरीच्या आकाराचं लाकूड ठेवा. बाजूच्या फळ्यांत पटाशीने खाचा मारण्याआधी ब्राउन पेपरवर खऱ्या मापाने सगळं मांडून बघा, सगळ्यात लांब अडकित्ता हातात घेऊनच खोली ठरवा. गुण्या लावून काम करा, कारण जुन्या चौकटी क्वचितच काटकोनात राहिलेल्या असतात. चौकटीला सरळ करू नका, पेटी तिच्या तिरपेपणाला बेतून घ्या.

40 च्या 40 मांडायचा मोह होईल. 3 फुटांच्या पायरीवर 8 छान दिसतात, म्हणजे एकूण 24. बाकीचे ट्रंकेत, आणि दर दिवाळीला अदलाबदल. पुण्यात दिनकर केळकरांनी राजा या आपल्या मुलाच्या नावाने उभारलेल्या संग्रहालयात अडकित्ते आहेत. तिथे निवांत उभं राहून बघा, दोन वस्तूंमध्ये मोकळी जागा असली की नजर कशी थांबते ते कळेल.

आता पावसाळा. माझ्या पहिल्या कपाटात मी हौसेने लाल मखमल लावली होती आणि लाकडाला आतून जवसाचं तेल पाजलं होतं. जूनमध्ये सगळं सुंदर दिसत होतं. सप्टेंबरात एक अडकित्ता उचलला तर मखमलीवर पात्याचा तांबूस गंजाचा ठसा जसाच्या तसा उमटलेला. मखमल ओल धरते, सुकणाऱ्या तेलातून आम्ल वाफ निघत राहते. तेव्हापासून आतलं लाकूड मी कोरं ठेवतो आणि उतारावर धुतलेलं, बिनरंगाचं मांजरपाट अंथरतो. लोकरीचा फेल्टही नको, त्यातल्या गंधकाने पितळ काळं पडतं. बाहेरून मेण किंवा चपड्याचं पॉलिश खुशाल करा, पण ते पूर्ण वाळायला महिनाभर द्या आणि मगच वस्तू आत ठेवा.

झडपांच्या फटींना सुती नाडी चिकटवा. तळाच्या पाचरीमागे अर्धा किलो सिलिका जेल दोन पुरचुंड्यांत ठेवा, नारिंगी रंगाचं घ्या, निळं नको. रंग उतरला की ओव्हनमध्ये गरम करून ते परत वापरता येतं. सोबत एक छोटं आर्द्रतामापक ठेवा. आतला आकडा 50 टक्क्यांच्या आत राहिला तर पाती निर्धास्त राहतात.

प्रत्येक अडकित्त्याला सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा. पेन्सिलने क्रमांक लिहा आणि वहीत कुणाचा, कुठून आला ते टिपा. घरात अजून आठवणारं माणूस असेल तर हे काम लाकडाच्याही आधी करा.

एक अडकित्ता मात्र कपाटात जाऊ देऊ नका. ज्याची धार अजून शाबूत आहे आणि खिळा गुळगुळीत फिरतो, तो पानाच्या तबकातच राहू द्या. सुपारी कातरून झाली की पातं लगेच पुसा, सुपारीतल्या तुरटपणाने लोखंडावर काळे डाग बसतात.