अनामतीचे दीड लाख: भाडे थांबवावे की चेक मागावा?

तुमच्या पत्रातील आकडे आधी मांडतो. कोथरूडच्या घरात तुम्ही तीन वर्षे आहात, भाडे २५,००० रुपये, अनामत १,५०,००० रुपये, आणि नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार दोन महिन्यांनी संपतो. घरमालक म्हणतात की रंगकामाचे २५,००० कापून घेईन आणि उरलेले १,२५,००० नवा भाडेकरू आला की देईन. म्हणून शेवटची दोन भाडी भरायची नाहीत आणि नव्या घराच्या अनामतीसाठी वैयक्तिक कर्ज काढायचे, असे तुमच्या मनात आहे. माझ्या मते दोन्ही टाळावे.

भाडे थांबवण्यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे, कारण ५०,००० हातात राहिले की अडकलेली रक्कम एक लाखावर येते. परंतु भाडे थकल्यास मालकाला करार रद्द करता येईल असे तुम्ही पाठवलेल्या प्रतीत स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे आज बाजू तुमची असताना उद्या थकबाकीदार तुम्हीच ठराल. शेवटची भाडी अनामतीतून वळती करण्यास मालकांनी लेखी संमती दिली तर गोष्ट वेगळी. याहून महागात पडेल ते पैसे मिळेपर्यंत चावी न देणे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावरही ताबा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते, म्हणजे तुमच्या बाबतीत महिन्याला ५०,०००. अनामत परत मिळेपर्यंत विनाभाडे राहण्याची मुभा काही करारांत असते; तुमच्या करारात ती नाही.

दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेताच येत नाही ना, असे तुम्ही विचारले आहे. ती मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातील आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय असा कायदा लागू होत नाही, तेव्हा वाद घालताना तिचा आधार घेऊ नका. तुमचा खरा आधार करारातील 'वाजवी झीज वगळता' हे शब्द आहेत. तीन वर्षांत फिका पडलेला रंग ही झीज आहे. मुलीने बेडरूमच्या भिंतीवर खडूने काढलेली चित्रे मात्र झीज नव्हेत, आणि त्याबद्दल वाद न घालणे बरे. त्या एका भिंतीचा खर्च रंगाऱ्याकडून लिहून घ्या आणि तो स्वतःहून देऊ करा. दहा हजारांपर्यंत मिटत असेल तर मिटवा, असे मी म्हणेन, कारण एवढ्या रकमेसाठी दावा लावल्यास वकिलाची फी, कोर्ट फी आणि तारखांसाठी घ्याव्या लागणाऱ्या रजा यांत ती रक्कम सहज जिरते.

उशिराची तुम्हाला वाटते तेवढी धास्ती घेण्याचे कारण नाही. १,२५,००० दोन महिने अडकले तर ७ टक्के दराने तुमचे साधारण १,४६० रुपये बुडतात. खरी भीती पैसे कधीच न मिळण्याची आहे. म्हणून मुदत जरूर द्या, पण ती ठरलेल्या तारखेचा चेक घेऊनच. तो चेक आणि चावी यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत करा, आणि कपातीची रक्कम, वीज मीटरचे रीडिंग व ताबा दिल्याची तारीख एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. 'हिशेब पूर्ण' अशा पावतीवर मात्र पूर्ण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत सही करू नका. चेक वटला नाही, तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस धाडता येते, आणि नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेकबाबतचा कायदा) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करता येते. मालकांनी चेक देण्यास नकार दिला, तर त्यांचा इरादा तुम्हाला दोन महिने आधीच कळेल आणि वकिलाची नोटीस लगेच धाडता येईल. पैशाच्या वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते.

राहिला कर्जाचा प्रश्न. १४ टक्क्यांनी वर्षभरासाठी दीड लाख घेतले तर सुमारे ११,६०० रुपये व्याज जाते. तुमच्याकडे दोन लाखांची मुदत ठेव आहे. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून उचल घ्या. दर ८.५ टक्के धरला तरी दोन महिन्यांचे व्याज २,१२५ रुपये होते, आणि जुनी अनामत हाती आली की त्याच दिवशी ती रक्कम फेडता येते. नव्या घराच्या करारात अनामत ताबा देतानाच परत मिळेल आणि उशीर झाल्यास व्याज लागेल, ही दोन वाक्ये नोंदणीपूर्वी घालून घ्या.