फ्रान्समधल्या जुन्या दगडी घराला बाहेरून कोणता गिलावा करावा?

तुमचं घर नैऋत्य फ्रान्सच्या दोर्दोन्य जिल्ह्यातलं, 1850 च्या आसपासचं, दगडी. ठेकेदार सिमेंटचा तयार एकथरी गिलावा करू म्हणतोय, तो स्वस्तही पडतोय, आणि तुम्ही विचारताय रंग कोणता घेऊ. रंगाचं नंतर बघू. आधी त्या ठेकेदाराला नाही म्हणा. चुनाच करा.

मी याच भागात राहते. आमचंही घर असंच, ओबडधोबड चुनखडीच्या दगडांचं, मातीत रचलेलं, भिंती हातभर जाड. आधीच्या मालकांनी रस्त्याकडच्या भिंतीला सिमेंट थापलं होतं. बाहेरून भिंत ठणठणीत दिसायची. आत मात्र कमरेपर्यंत ओल, वॉलपेपर सुटलेला, कपाटामागे बुरशी. ओलीवर इलाज करणाऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला. भिंतीला ओळीने भोकं पाडून रसायन भरू म्हणाला आणि हजारो युरोंचा आकडा सांगून गेला. दादाला फोन केला. तो साताऱ्यात सिव्हिल इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "वॉटरप्रूफिंग घालून परत सिमेंट मार. चुना आजोबांच्या काळात ठीक होता. तुला काय कळतंय त्यातलं?"

मी दोघांचंही ऐकलं नाही. गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं आणि सगळं सिमेंट ठोकून काढायला लावलं. मोठमोठ्या खपल्या निघाल्या. मागची माती इतकी ओली होती की बोटाने उकरता येत होती, आणि भिंतीत गेलेल्या ओकच्या तुळईचं टोक कुजून भुगा झालं होतं. वरून गुळगुळीत रंगवलेल्या सिमेंटच्या आड हे चाललं होतं. संताप आला.

कारण साधं आहे. या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि चुन्यातून वाफ होऊन निघून जातं. सिमेंटने ती वाट बुजवली की पाणी आणखी वर चढतं, नाहीतर आतल्या खोलीत उतरतं. त्यात सिमेंटला केसासारख्या भेगा पडतातच. पाऊस त्यातून आत शिरतो, बाहेर मात्र पडत नाही. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 चं, तेही इंग्लंडमधलं, आणि खेड्यापाड्यांत ते खूप उशिरा पोचलं. तुमची भिंत त्याच्यासाठी बांधलेलीच नाही.

आम्ही ती भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवली, सुकू दिली. मग तीन थर: आधी पातळसर, खरखरीत, भिंतीवर फटकारून मारलेला, मग मधला जाड थर, मग शेवटचा हात. घाई करणाऱ्याला हे काम देऊ नका. कडक ऊन आणि गोठवणारी थंडी दोन्ही टाळा; पाच अंशांखाली आणि तिशीच्या वर चुन्याला हात लावायचा नाही. थर पटकन सुकू द्यायचा नाही, पाणी शिंपडत राहायचं.

गोणी विकत घेताना त्यावरची अक्षरं वाचा. 'एनएचएल' म्हणजे नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, पाण्याच्या संयोगाने घट्ट होणारा. नुसतं 'एचएल' असेल तर आत काय मिसळलंय ते सांगायचं बंधन उत्पादकावर नाही, ती गोणी परत ठेवा. पुढचा आकडा 2, 3.5 किंवा 5 असतो, तो 28 दिवसांनंतरच्या ताकदीचा. मोठा आकडा म्हणजे चांगला चुना, हा समज दादासारख्यांचा. गिलावा भिंतीपेक्षा मऊच हवा. मातीत रचलेल्या भिंतीला 2 किंवा फार तर 3.5 पुरे. सेंत-आस्तिएचा चुना तर तुमच्याच जिल्ह्यात भाजला जातो.

दादा हे सगळं अजून मान्य करत नाही. साताऱ्यातल्या आमच्या वाड्याची दर्शनी भिंत त्याने सिमेंटने करून घेतली. तिथला दगड चुन्याच्या घाणीवर मळलेल्या चुन्यात बसवलेला होता, आणि तो चुना कित्येक पावसाळे टिकला होता. आता खालून लोणा वर चढतोय, दर दिवाळीला रंग द्यायचा आणि पुढच्या पावसात पोपडे. मी म्हटलं की सिमेंट काढ, तर म्हणतो हवामान वेगळं आहे. पाऊस साताऱ्यात जास्त पडतो, म्हणजे चुन्याची गरज तिथे जास्तच आहे! दादा, हे वाचत असशील तर पायाजवळचा हातभर पट्टा तरी उकरून बघ.

रंगाबद्दल. रंग वाळूतून येऊ द्या, जवळच्या खाणीतली वाळू घ्या, गावातल्या जुन्या भिंतींशी मेळ आपोआप बसतो. भिंतीवर दोन-तीन नमुने मारून पूर्ण सुकल्यावर ठरवा, ओला चुना गडद दिसतो. आणि आधी मेरीत, म्हणजे गावच्या नगरपालिकेच्या कचेरीत, जाऊन विचारा. 2014 पासून नुसत्या बाहेरच्या डागडुजीला सगळीकडे पूर्वसूचना लागत नाही, पण तुमच्या कम्यूनने, म्हणजे गावच्या स्थानिक प्रशासनाने, तसा ठराव केला असेल तर लागते. संरक्षित वास्तूच्या परिसरात असाल, बहुतेक ठिकाणी 500 मीटरच्या आत, तर सरकारी वास्तुविशारदाचं मत येतं आणि रंगाचा प्रश्न बऱ्यापैकी तोच सोडवतो.

मजुरी जास्त पडेल, ते खरं. आणि घराला मागून काँक्रीटच्या ठोकळ्यांचं गॅरेज जोडलेलं असेल तर त्या भिंतीला ठेकेदाराचा एकथरी गिलावा खुशाल करा, तिथे तो योग्यच आहे. फक्त जुन्या दगडावर त्याचा हात फिरू देऊ नका.