जुन्या दुकानांच्या जाहिराती: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

ब्रिटिश अमदानीतल्या मुंबई-पुण्याच्या दुकानदारांनी केलेल्या जाहिरातींबद्दल वाचकांनी विचारलेले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

घराच्या माळ्यावर कापडाच्या दुकानाचं हस्तपत्रक सापडलं. तारीख नाही. "बाहेरगांवीं व्ही. पी. नें माल पाठवूं" असं त्यात आहे आणि तळाशी छापखान्याचं नाव आहे. कोणत्या काळातलं असेल? (सातारा)

तळापासून वर वाचत या. छापखान्याचं नाव ही मालकाची हौस नव्हती. १८६७ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं सक्तीचं होतं. नाव नाही म्हणून पत्रक त्याआधीचं, असं मात्र धरू नका. कडा कातरताना पहिल्यांदा तळाचीच ओळ जाते, शिवाय संस्थानी मुलखाला तो कायदा थेट लागू नव्हता.

आता व्ही. पी., म्हणजे माल टपालाने घरी आल्यावर पोस्टमनकडे पैसे द्यायची सोय. टपाल खात्याने ती १८७७ मध्ये सुरू केली, म्हणजे तुमचं पत्रक त्याच्या आधीचं असू शकत नाही. अशाच आणखी खुणा शोधा. पोस्टकार्ड १८७९ चं, मनिऑर्डर १८८० ची, मुंबईतला टेलिफोन १८८२ चा. पत्त्यात ट्रामचा उल्लेख असेल तर मुंबईची घोड्यांची ट्राम १८७४ ला आली आणि विजेची १९०७ ला. "स्वदेशी" या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. १९०५ नंतर त्याचा पूर आला हे खरं, पण पुण्याच्या गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काकांनी स्वदेशी मालाचा प्रचार १८७० च्या दशकातच चालवला होता.

या सगळ्या खुणांतली जी सर्वांत अलीकडची, ती "याच्या आधीचं नाही" एवढंच सांगते. "याच्या नंतरचं नाही" हे सांगणाऱ्या खुणा वेगळ्या. किंमत आण्यांत असेल तर पत्रक बहुतेक एप्रिल १९५७ च्या अलीकडे येत नाही, कारण तेव्हा नवे पैसे आले. "पाठवूं", "बाहेरगांवीं" असे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. जुन्या वळणाचे छापखाने ते त्यानंतरही थोडे दिवस देत राहिले. "अितर", "अुत्तम" अशी अक्षरं दिसली तर ती सावरकरांच्या लिपिसुधारणेची खूण. किर्लोस्कर मासिकात ती वापरली जात असे.

फसगत होते ती ठोकळ्यामुळे. दुकानदार एकदा कोरून घेतलेला चित्राचा ठोकळा वर्षानुवर्षं वापरत. चित्रातल्या बाईचा पोशाख १८९० चा आणि पत्रक १९२० चं, असं सर्रास सापडतं. ठोकळ्याच्या चौकटीचे कोपरे झिजून गोल झाले असतील, बारीक रेघा मध्येच तुटल्या असतील, तर पत्रक चित्रापेक्षा बरंच अलीकडचं समजा.

शकाचा आकडा असेल तर ७८ मिळवा, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. शके १८०७ चा माघ म्हणजे १८८६.

किंमत "रु. २।।=" अशी छापली आहे. ही छपाईची चूक आहे का? (नाशिक)

चूक नाही, हिशेबाची लिपी आहे. उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. आडवी रेघ म्हणजे एक आणा, अशा जास्तीत जास्त तीन येतात, चौथ्या आण्याला उभी रेघ होते. म्हणजे तुमची किंमत दोन रुपये, आठ आणे आणि दोन आणे: दोन रुपये दहा आणे. आजच्या दशमान हिशेबात २ रुपये साडेबासष्ट पैसे.

टंकलिखित करताना इथे हमखास घोळ होतो. "१।" चे अकरा होतात, "।।" ला पूर्णविराम समजून गाळलं जातं. "२-१०-६" असं लिहिलेलं तर आम्ही तारीख म्हणून नोंदवलेलं पाहिलं आहे. ते दोन रुपये, दहा आणे, सहा पै. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. हीच रेघांची खूण शेराच्या आणि मणाच्या भागांनाही चालते, म्हणून आकड्याच्या आधी "रु." आहे की "शे." ते नीट पाहा.

तुपाच्या जाहिरातीतला मण किती किलोचा धरायचा? (मुंबई)

जाहिरात कुठली, यावर. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलो, त्याचे ४० शेर, शेर जेमतेम ३१८ ग्रॅमचा. सरकारी किंवा बंगाली मण मात्र ३७.३ किलोचा, त्याचा शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. दोन्ही मण, दोन्हींचे ४० शेर, आणि फरक जवळजवळ तिप्पट. तुपाचा भाव एका मणाने काढून दुसऱ्याशी ताडला की "मुंबईत तूप किती स्वस्त होतं" असे लेख तयार होतात.

खंडी म्हणजे मुंबईचे वीस मण, ५६० पौंड. पण कापसाची खंडी २८ मणांची, ७८४ पौंडांची. कापूस बाजार आजही भाव खंडीवर बोलतो, ती हीच, ३५६ किलोची. कापडात वार ३६ इंचाचा, पण मुंबईचा गज २७ इंचांचा, चोवीस तसूंचा. धान्याची पायली हे तर मापच आहे, वजन नव्हे, आणि ते गावोगाव निराळं. तिचं किलोत रूपांतर करायच्या भानगडीत पडू नका. जाहिरातीत आहे तसं "पायली" च ठेवा.

जवळपास प्रत्येक जाहिरातीत "नकली मालापासून सावध राहा, आमची छाप पाहून घ्या" असं का असतं? इतकी फसवणूक होती का? (पुणे)

फसवणूक होतीच, पण त्या ओळीमागे कायद्याचं कारणही आहे. हिंदुस्थानात व्यापारचिन्हांची नोंदणी करणारा कायदा १९४० मध्ये आला. तोपर्यंत चिन्हाचं सरकारी रजिस्टरच नव्हतं. १८८९ च्या कायद्याने खोटी चिन्हं लावणं, मालाचं खोटं वर्णन करणं हा गुन्हा ठरवला, पण "हे चिन्ह माझं" हे सिद्ध करायचं ते व्यापाऱ्यानेच. म्हणून व्यापारी दस्तनोंदणी कचेरीत जाऊन "अमुक छाप आम्ही वापरतो" असं निवेदन नोंदवत आणि मग वर्तमानपत्रात तशी सूचना छापत. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर छापलेला अंक हातात असावा, हा हेतू. ती ओळ गिऱ्हाइकापेक्षा प्रतिस्पर्ध्यासाठी आणि न्यायाधीशासाठी लिहिलेली असे.

छाप चित्राची का, हेही त्यातच आलं. बहुतेक गिऱ्हाईक निरक्षर. ते कंपनीचं नाव घेत नसे, हत्ती छाप धोतर मागे, घड्याळ छाप काडेपेटी मागे. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत चित्रांची लेबलं चिकटवलेली असत ती याच कारणाने. नक्कल करणारा नावाला हात लावत नसे. हत्तीची सोंड खालची वर करायची, बाकी रंग, चौकट, आकार तोच. तुमच्याकडे अशी दोन लेबलं असतील तर शेजारी ठेवून पाहा. अस्सल कुठलं ते नुसत्या चित्राच्या दर्जावरून ठरत नाही, कधीकधी नकलेची छपाई जास्त चांगली असते. खालची अक्षरं वाचा. १८८९ च्याच कायद्याने ताग्यावर लांबीचा शिक्का, वारांत, मारणं भाग होतं. तो शिक्का कापडावर असतो, लेबलावर शोधू नका.

शाळेच्या प्रदर्शनात १८८५ च्या पुण्यातलं एक दुकान उभं करतो आहोत. त्याचं हस्तपत्रक खरं वाटेल असं कसं करावं? (शिक्षिका, पुणे)

कागदापासून सुरुवात करा. क्राउन कागद १५ × २० इंचांचा. त्याचा चौथा हिस्सा, ७।। × १० इंच, हा आकार शोभेल. पातळ, किंचित पिवळट, चकाकी नसलेला कागद घ्या. चहात बुडवू नका! चहाने कागद सुरकुततो आणि मधोमध डाग पडतात. खरा जुना कागद कडांकडून आत तपकिरी होतो. आणि १८८५ मध्ये ते पत्रक नवंच होतं, जुनं दिसायची गरजच काय?

शाई एकच, काळी. फोटो नको, जाळीच्या ठिपक्यांची छपाई आपल्याकडे नंतरची. चित्र हवंच असेल तर लाकडावर कोरल्यासारखं, जाड रेघांचं, लहान. छपाई दोनपैकी एका पद्धतीची दाखवा. खिळ्यांची (धातूच्या सुट्या अक्षरांची) असेल तर एका आकाराचे सगळे "क" हुबेहूब सारखे हवेत, मथळा मोठ्या खिळ्यांत आणि मजकूर दोनच लहान आकारांत, कारण छापखान्याकडे देवनागरीचे फार आकार नसत. शिळाप्रेसची असेल तर उलट: एखाद्या मुलाकडून टाकाने सुवाच्य बाळबोध अक्षरात लिहून घ्या आणि त्याची प्रत काढा. शिळाप्रेसमध्ये चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने मजकूर उतरवत, डिंक आणि थोडं नायट्रिक ॲसिड लावत, मग दगड ओला करून रूळ फिरवला की शाई अक्षरांनाच धरे. जोडाक्षरांचे शेकडो खिळे लागत नसत, म्हणून मराठी मुलखात ही पद्धत लवकर रुळली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवरच.

मजकुराचा नमुना आम्हीच रचून देतो:

"नवा माल! नवा माल!! सर्व लोकांस कळविण्यांत येतें कीं, आमचे दुकानीं मुंबईहून राकेलचे कंदील, दिव्यांच्या कांचा व पितळी समया नुकत्याच आल्या असून रोखीनें किफायतशीर भावानें मिळतील. बाहेरगांवच्या गिऱ्हाइकांस माल व्ही. पी. नें पाठवूं, टपालखर्च निराळा. पुणें, पेठ बुधवार, भर रस्त्यावर."

त्याखाली मालकाचं नाव, मग रेघ, मग छापखाना. पत्त्यात घरनंबर घालू नका. अमक्या देवळासमोर, तमक्या हौदाजवळ, असा पत्ता असे. पिनकोड तर अजिबात नको (तो १९७२ चा), तरी दर प्रदर्शनात एका तरी फलकावर सापडतोच. "सेल", "ऑफर", "ग्राहकराजा" हे शब्दही गाळा.

इनॅमलची जुनी पाटी मिळाली आहे, गंज आला आहे. चिंचेने घासू का? (सोलापूर)

चिंच तांब्या-पितळेला ठेवा. इनॅमल म्हणजे पत्र्यावर भट्टीत वितळवलेली काच, एकेक रंग वेगळा भाजलेला. आंबट पदार्थाने तिची झिलई जाते आणि टवका उडालेल्या जागी आंबट पाणी पत्र्यात शिरतं. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, लगेच कोरडं करणं, एवढंच. सुटलेला गंज लाकडी काडीने काढा, मेणाचा पातळ हात द्या. टांगताना स्क्रू आणि पाटी यांच्यामध्ये चामड्याची चकती घाला, नाहीतर आवळताना भोकाभोवती नवा टवका उडतो.

अस्सल आहे का, ते बोटाने कळतं: अक्षराच्या कडेला रंगाची पायरी लागते. गंज टवक्याच्या काठाला असतो. गुळगुळीत रंगावर मधोमध गंज "पसरलेला" दिसला तर तो कोणीतरी पसरवलेला आहे.

जुन्या जाहिरातीतल्या बाळगोळीची कृती मिळाली आहे. करून पाहावी का? (दोन पत्रं)

नाही. लहान मुलांना शांत ठेवणाऱ्या त्या काळच्या गोळ्यांत अफू असे. गिरणी कामगारांच्या वस्तीत त्याने मुलं दगावत. धातुपौष्टिकांत, म्हणजे ताकदीच्या औषधांत, पारा आणि सोमलही (आर्सेनिक) असू शकतो. कागद जपा, कृती नको.

जुन्या मासिकांच्या बांधीव प्रतींत जाहिराती मिळतच नाहीत. त्या काळी मासिकं जाहिराती घेत नव्हती का? (कोल्हापूर)

घेत होती. "किर्लोस्कर खबर" तर १९२० मध्ये कारखान्याचं पत्र म्हणूनच निघालं. पण मासिकाच्या जाहिराती मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, मलपृष्ठावर आणि सुरुवाती-शेवटच्या वेगळ्या रंगाच्या पानांवर असत. वर्षाचे अंक बांधताना बांधणीवाला ती पानं काढून टाकी, कारण त्यांना पानांचे आकडे नसत. ग्रंथालयात मागताना "बांधीव खंड" म्हणू नका, "सुटे अंक, मुखपृष्ठासह" म्हणा. वर्तमानपत्रांचं तसं नाही. केसरीसारख्या पत्रांच्या फायलींत जाहिराती बातम्यांच्याच पानांवर असल्याने त्या वाचल्या आहेत. तिथे फक्त शिवणीकडचा रकाना पाहायला विसरू नका. जाड बांधणीत तो अर्धा आत दडतो, आणि बारीक जाहिराती पुष्कळदा त्याच रकान्यात असतात.